टाकीच्या तोंडाशी

जेवण झाल्यावर गोरख खाटेवर आडवा होतो, तो फक्त पाठ टेकायला म्हणून. दुसऱ्या पाळीची बस यायला अजून अवकाश आहे. डोक्यावरचा पंखा वारा कमी आणि कुरकुर जास्त करतो. शेजारी कुकरची शिट्टी होते. मागच्या दारी आई पातेलं खरवडते आहे. त्याचे डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. झोप लागू नये असं त्याला वाटतंय, आणि नको असते तेव्हाच ती मेली कशी न बोलावता येते.

आज त्याला टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं आहे. त्याचा थोरला भाऊ मच्छिंद्रदादा जिच्यात गेला, तीच टाकी.

दौंडकडच्या माळावर हा कारखाना आहे, औषधांचा कच्चा माल करणारा. त्याचं सगळं घाण पाणी जमिनीखालच्या या टाकीत जमतं. प्रदूषण मंडळाचे साहेब यायचे असले की ती आतून साफ करावी लागते. तेव्हा एक माणूस आत उतरतो आणि एक बाहेर राहतो. बाहेरच्याचं काम एकच, बाहेर राहायचं. आतला पडला तर बोंब मारायची, माणसं गोळा करायची, पण आपला पाय आत टाकायचा नाही. आतला वायू विचारून घेत नाही, दोन श्वासांत माणूस आडवा करतो. दादा बाहेरचा माणूस होता. हाच नियम तो नवीन पोरांना शिकवायचा. लहू शिंगाडे आत कोसळला तेव्हा दादा आत गेला, आणि सापडला तो लहूच्या शेजारी.

मग कंपनीनं बैल गेला आणि झोपा केला. टाकीच्या तोंडावर ठेवायला तीन पायांची लोखंडी घोडी आली, तिच्यावर हँडल मारून माणूस वर खेचायचा दोर आला, कमरेचे पट्टे आले, हवा मोजायचं यंत्र आलं. दादाच्या जागी गोरखला चिकटवून घेतलं. आणि गेटवर 'अपघाताविना दिवस' अशी जी पाटी आहे, तिच्यावरचा आकडा पुसून पुन्हा पहिल्यापासून चढवायला लागले. आलेले पाहुणे तो आकडा बघून माना डोलावतात. गोरखला त्या पाटीचा भयंकर राग येतो. दादाला जाऊन किती दिवस झाले, हे यांनी गेटवर टांगून ठेवलंय आणि वर त्याचं कौतुक चाललंय.

काल सेफ्टीच्या मॅडम म्हणाल्या, "गोरख, बाहेर तुम्हीच उभे राहा. तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण बघणार?"

"मॅडम, हँडल अडकलं तर?"

"तर ओरडायचं. आणि उभं राहायचं."

बाई वाईट नाहीत. त्यांनी सांगितलं ते खरंच आहे. पण आज आत उतरणार आहे सलीम, जो रोज गोरखच्या डब्यातली चटणी आधी संपवतो आणि मग आपला डबा उघडतो. सलीम खाली पडला तर आपण वर उभे राहू? गोरखला ठाऊक आहे की नाही राहणार. भाऊ तसाच गेला, आपणही तसेच जाऊ. नाथांच्या नावानं दोन पोरं वाढवलेल्या आईच्या पदरात मग काय उरणार? हे त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. आज टाकीवर जायचंय, हेसुद्धा आईला सांगितलेलं नाही.

मागच्या दारचं खरवडणं थांबतं.

मग पुन्हा सुरू होतं, पण हात दुसऱ्याचा आहे. गोरख मान वळवून बघतो तर दादा उकिडवा बसून पातेलं घासतोय. डोक्यावर पिवळं हेल्मेट आहे, पँट गुडघ्यापर्यंत ओली आहे आणि पायांत काही नाही.

"काय रं, निजलास व्हय?"

"न्हाय. बसची वाट बघतोय."

"बस कवाच गेली की," दादा म्हणतो आणि पातेलं पालथं घालतो.

ते दोघं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलेले आहेत. बाकं तीच आहेत, पण भिंती घरच्या आहेत, आईच्या फडताळासकट. आई मधोमध खाली बसून भाकरी थापते आहे. ती थापलेली भाकरी तव्यावर टाकत नाही, ताटलीत ठेवते आणि ताटली दोरीला बांधून जमिनीतल्या गोल भोकातून खाली सोडते. दोरी हलकी होऊन वर येते. ती दुसरी भाकरी थापायला घेते. तिनं मान वर करून बघावं असं गोरखला फार वाटतं, पण ती बघत नाही.

"तिला सांगितलंस का?" दादा विचारतो.

"काय?"

"आज तुझी पाळी हाय ते."

गोरख नाही म्हणून मान हलवतो. भोकातून नासक्या अंड्यांचा वास वर येतोय.

"वास येतोय न्हवं?"

"येतोय."

"मग घाबरू नगंस. येतोय तवर बरं हाय."

गोरख इतके दिवस मनात धरून ठेवलेलं विचारतो. "दादा, तू आत का गेलास? सगळ्यांना तूच सांगायचास ना, जायचं न्हाय म्हणून?"

दादा हेल्मेट काढून मांडीवर ठेवतो. केस ओले आहेत. "लहूनं हाक मारली असती ना, तर मी थांबलो असतो. हाक मारणाऱ्यात अजून जीव असतो, बोंब मारायला सवड मिळती. त्यानं हाक न्हाय मारली. त्यानं नुसतं वर बघितलं."

"मग?"

"मग मी आत व्हतो."

"आणि मधलं?"

"मधलं काय?"

"त्यानं बघितलं आणि तू आत गेलास, त्याच्या मधलं. तुला काय वाटलं, पाय कुठं टाकलास, एवढं सांग. मला तिथं थांबायचंय, दादा. मला ती जागा पायजे."

दादा त्याच्याकडे बघतो. लहानपणी गणित अडलं की बघायचा तसा, पण तेव्हा त्याला उत्तर येत असायचं.

"मधलं कायच न्हाय रं, गोरख्या," तो म्हणतो.

एवढ्याच आशेवर तर गोरख जगत होता की कुठंतरी एक क्षण असेल, निसटता का होईना, जिथं शहाणा माणूस पाय मागे घेऊ शकतो. दादाला तो सापडला नसेल, पण त्यानं दाखवला तर आपल्याला सापडेल. तसं काही नसेल तर कशाचा सराव करायचा आणि कशाची शपथ घ्यायची?

बाकं नाहीत. आईही नाही, तिचं फडताळ मात्र उघड्या माळावर उभं आहे. लोखंडी घोडी नाही, हँडल नाही. नुसतं टाकीचं तोंड आहे, आणि आत, शिडीच्या पार खाली, दादा उभा आहे. काळं पाणी त्याच्या छातीला लागलंय.

"दादा, वर ये. हात दे."

दादा हाक मारत नाही. तो नुसतं वर बघतो.

"दादा, बोल की काहीतरी."

तो बघत राहतो. आणि गोरखच्या लक्षात येतं की नासका वास आता येत नाही. हवा कशी स्वच्छ लागते आहे. छाती मोकळी झाली. "आता बरं वाटतंय, दादा," तो म्हणतो.

"बरं वाटलं की मागं सरायचं असतं, येड्या," दादा खालून बोलतो. "वास गेला न्हाय. तुझं नाक मेलंय. मागं हो."

गोरखला मागे व्हायचं आहे, खरंच व्हायचं आहे. पण त्याचा उजवा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर आहे. तो तिथं कधी गेला, त्याला आठवत नाही.

"येऊ नगंस."

"आलोच. तुला घेतो आणि दोघं जाऊ वर. आई जेवायची थांबलीय."

"गोरख्या, तुझ्या कमरंला काय हाय बघ."

गोरख बघतो. कमरेला काही नाही.

"आतल्याला दोर बांधत्यात," दादा म्हणतो. "पट्टा लावत्यात, यंत्र देत्यात. बाहेरच्याला कोण बांधतं? त्याला नुसतं सांगत्यात, उभा रहा. मला कुणी मागं बांधलं असतं तर मी काठावर बसून ऊर बडवला असता. शिव्या दिल्या असत्या बांधणाऱ्याला. पण सांजच्याला घरी आलो असतो."

दुसरा पायही आत जातो. गोरखला रडू फुटतं. तो माळाकडे तोंड करून ओरडतो, "आई, बांध मला. आई, बांध."

कमरेला काहीतरी आवळतं. तो खाली झेपावतो आणि हिसका बसून जागीच अडतो. दादाचा हात अगदी जवळ आहे, बोटाचं पेर लागावं इतका जवळ. गोरख अंगातला सगळा जोर काढून ओढ घेतो. कमरेचं तुटलं पाहिजे. हे जे कोण धरून बसलंय ते मेलं तरी चालेल, पण सुटलं पाहिजे. तो पुन्हा ओढतो, पुन्हा ओढतो.

"नगं रं," दादा म्हणतो. "तिला लागतंय."

गोरख डोळे उघडतो.

पंखा फिरतोय. दारातून आलेलं ऊन खाटेच्या पायाशी पडलंय. तो अर्धा खाटेवर आणि अर्धा खाली लोंबकळतोय, आणि त्याच्या कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी आहे, पिळून दोरीसारखी केलेली. तिची गाठ इतकी आवळली आहे की पोटावर वळ उठलाय. पट्टीचं दुसरं टोक आईच्या हातात आहे. ती भिंतीला पाय लावून जमिनीवर बसली आहे आणि धापा टाकते आहे. पदर खाली आला आहे, तो सावरायलाही तिचे हात मोकळे नाहीत.

"आई, हे काय?"

"झोपंतच उठून मागल्या हौदाकडं निघाला व्हतास. धरून आणला, निजवला. मग म्हणाय लागलास, आई, बांध मला." ती थांबते, दम घेते. "पट्टीचं दुसरं टोक बांधाय जवळ खांब न्हाय, आन् खाट तर तुझ्यासंगंच आली असती. मग मीच धरून बसले."

गोरख खाली उतरून तिच्यापुढे बसतो. तिची मूठ उघडायला बघतो, ती उघडू देत नाही. एकेक बोट सोडवावं लागतं. उजव्या तळव्याची कातडी पट्टीच्या रुंदीएवढी सोलवटून निघाली आहे. आतलं लाल दिसतंय, आणि पट्टीलाही रक्त लागलंय.

म्हणजे आपण एवढा जोर लावला. आईला ओढत नेऊन आपण खाली गेलो असतो, आणि मध्ये थांबायची जागा आपल्यालाही दिसली नसती. गोरखला आता याबद्दल काही शंका उरलेली नाही. तो तिचा हात दोन्ही हातांत धरून रडतो, पोरासारखा, आवाज करून.

"आज टाकी हाय न्हवं?" आई विचारते.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच बडबडत व्हतास. त्याच्याशी."

तो नाही म्हणत नाही. डोळे पुसतो. "मी मॅडमना सांगतो," तो म्हणतो. "मलाबी बांधा म्हणतो. घोडीला न्हाय, मागं. तोंडापर्यंत पोचणारच न्हाय इतक्या आखूड दोरानं. ऐकतील त्या."

"दुसरं टोक कोण धरणार तिथं?"

"खांब हाय. खांबाला बांधतील."

"खांबाची गाठ तू सोडशील. तुझ्याच हातानं सोडशील, मी बघितलंय आत्ता. धरणारं माणूस पायजे. कोण हाय तिथं धरणारं?"

गोरख विचार करतो. पाळीतले एकेक चेहरे डोळ्यांपुढे आणतो. मॅडम, सुपरवायझर, गेटवरचा शिपाई. सलीम असता तर त्यानं धरलं असतं, पण सलीम आत असणार.

रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबते आणि हॉर्न देते. गोरख उठायला जातो. कमरेची गाठ अजून तशीच आहे, आणि आईनं पट्टीचं मोकळं टोक पुन्हा उचलून सोललेल्या तळव्याला वेढा घेतलेला असतो.

"सोड आई, बस आलीय."

आई सोडत नाही.