मीठबाई खायला निघाली

धाकट्या जावेने शुक्रवारी संध्याकाळी दोन तिकिटं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, उद्या आपण शहरात जायचं. दोन दिवस. पायी फिरायचं आणि दिसेल ते खायचं." तेव्हाच मीठबाईच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षं एका घरात राहून जिने कधी आपणहून पाण्याचा पेला पुढे केला नाही, ती तिकिटं काढते? तेही खाण्यासाठी? आणि नेमकी आत्ताच?

मीठबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कारखान्याच्या कँटीनमध्ये ती एकतीस वर्षं मोठ्या पातेल्यापाशी उभी. रोजची चारशे ताटं. शेवटचा चमचा तिचा. तिने चाखून मान डोलावली की मगच झाकण निघायचं, तोवर मॅनेजरसाहेबांचं ताटसुद्धा कोरडं. एकदा भाजीचा रस्सा चाखून तिने फोडणीवालीला विचारलं होतं, "काय गं, घरी भांडून आलीस का? तिखटाला हात सैल सुटलाय." ती बाई खरंच भांडून आली होती. त्या दिवसापासून हिचं नाव पडलं मीठबाई.

आणि ही जीभ सहा महिन्यांपूर्वी गेली. घरात साथीचा ताप शिरला. दोघी जावा एकाच खोलीत आठ दिवस शेजारी शेजारी कण्हत पडल्या. ताप उतरला, अंगात ताकद आली, चव काही आली नाही. लिंबू चावलं तर नुसतं ओलं, साखर खाल्ली तर नुसती वाळू. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणारही नाही. मीठबाईने हे घरात सांगितलं नाही, कामावर तर नाहीच. मिठाची मूठ एकतीस वर्षांची मुरलेली, ती चुकत नव्हती. तरी धास्ती असायचीच. म्हणून तिने एक युक्ती काढली. आपण चमचाभर चाखायचं, दुसरा चमचा धाकटीला द्यायचा. धाकटी तिथेच भाज्या चिरायची. तिच्या तोंडाकडे बघायचं. ती "हं, झकास" म्हणाली की झाकण काढायचं.

पण गेल्या महिन्यात दोन वेळा रस्सा अळणी गेला. साहेब काही बोलले नाहीत, नुसते पातेल्याकडे बघून गेले. न बोलणारा साहेब जास्त वाईट. मीठबाई गेली तर तिच्या जागी कोण, हे कँटीनमधल्या मांजरालाही ठाऊक होतं. धाकटीच. हाताशी, अनुभवी, गुडघे शाबूत. आणि तीच आता हिला खायला घेऊन चालली होती.

"परीक्षा घेणार माझी," मीठबाई पिशवीत कपडे कोंबताना पुटपुटली. नाही म्हणावं तर संशय आणखी वाढणार. गेली.

शहर म्हणजे नुसती झुंबड. अरुंद रस्ते, दुतर्फा गाड्या, वाफा, हाका, तव्यांचे आवाज. धाकटीने कागदावर ठिकाणं लिहून आणली होती आणि पर्समधून एक छोटी वहीही काढली. मीठबाईने वहीकडे तिरकं पाहिलं.

"वही कशाला गं?"

"असंच. आठवण राहावी म्हणून."

"बावीस वर्षांत माझा वाढदिवस तुझ्या आठवणीत राहिला नाही, आणि खाल्लेलं राहायला हवं?"

धाकटी हसली. ते हसूही मीठबाईला सरळ वाटलं नाही.

पहिली गाडी तळलेल्या माशांची. धाकटीने तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि लगेच विचारलं, "कसा लागला ताई?" मीठबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. वरचं आवरण कुरकुरीत आहे हे दातांना कळलं, बशीत पिळलेल्या लिंबाच्या दोन फोडी डोळ्यांना दिसल्या. "लिंबू जरा जास्त झालंय," ती म्हणाली. "पण तेल ताजं आहे." धाकटीने मान डोलावली. "मलाही तेच वाटलं." आणि वहीत लिहिलं.

पुढे भट्टीतला पाव. मीठबाईने आधी पाववाल्यालाच बोलतं केलं. पीठ कधी मळता, किती वेळ फुगू देता, मीठ आधी का नंतर. माणूस खुलला आणि सगळं ओकला. मग तिने पाव चावून तेच सगळं स्वतःला समजल्यासारखं सांगितलं. वहीचं पान भरलं. मग भाजलेली कणसं, मग कोबीचं लोणचं. लोणच्याच्या वेळी शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटले, तेवढ्यावरून मीठबाईने "आंबटाला तोड नाही" असा निकाल दिला. चालून चालून पायांचे तुकडे पडले, पण खरी दमली होती ती डोक्याने. शत्रूच्या मुलुखात जेवायला बसल्यासारखं.

संध्याकाळी चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत ती पाय वर करून पडली होती. धाकटी फोन घेऊन जिन्यात गेली. दार नीट लागत नव्हतं.

"नाही साहेब, अजून विचारलं नाही त्यांना... हो, सोमवारी नक्की सांगते."

मीठबाईने उशीवर तोंड फिरवलं. संशय होता तोवर निदान संशयच होता. आता खात्री झाली, तर ती जास्त टोचत होती. धाकटी आत आली तेव्हा ही घोरत होती. म्हणजे घोरण्याचा आवाज काढत होती.

रविवारी सकाळी बाजाराच्या मागच्या पायऱ्यांपाशी एक बाई मोठ्या पातेल्यातून वाट्यांत कस्टर्ड भरून देत होती. धाकटीने दोन वाट्या आणल्या. दोघी पायऱ्यांवर टेकल्या. मऊ होतं, गार होतं, घशाखाली सुरेख उतरत होतं. एवढंच मीठबाईला कळलं. धाकटीचा चमचा हिच्याआधी हलत नव्हता आणि डोळे हिच्या तोंडावरून ढळत नव्हते.

मीठबाईने पिवळा रंग पाहिला, दाटपणा पाहिला. "छान," ती म्हणाली. "गोडी अगदी बेताची. दुधाची चव मारली नाही."

"अगदी!" धाकटी म्हणाली. "बेताचीच. मला असंच आवडतं." चटाचटा वाटी संपवली, चमच्याने कडाही खरवडल्या आणि वही काढली.

तेवढ्यात खालच्या पायरीवरचा एक माणूस कुंडीत थुंकला. एका पोरीने तोंड वेडंवाकडं करून आईकडे वाटी फेकली. आणि कस्टर्डवाली हातात डाव घेऊन धावतच आली.

"टाका ते, टाका! अहो, साखरेच्या डब्यात मेल्या दुकानदाराने मीठ भरून दिलं. खाऊ नका..." तिची नजर दोघींच्या वाट्यांवर गेली. दोन्ही धुतल्यासारख्या लख्ख. "तुम्ही... संपवलंत?"

मीठबाईच्या अंगातून वीज गेली. सापळा! हिनेच या बाईला सांगून मीठ घालायला लावलं. आता वहीत लिहील, सोमवारी साहेबांपुढे ठेवील. ती तोंड उघडणार, तर तिचं लक्ष धाकटीकडे गेलं. धाकटी पांढरीफटक. हातात तिचीही वाटी. तीही खरवडलेली.

मीठबाईने आपली वाटी पायरीवर ठेवली. मग मीठबाई हळूच म्हणाली, "तुलाही?"

"तापापासून," धाकटी म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुम्हालाही?"

"मग रोज 'हं, झकास' कशाच्या जोरावर म्हणायचीस?"

"तुमच्या! तुम्ही आधी चाखायच्या ना. मीठबाईने चाखलं म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारी?"

"आणि मी तुझं तोंड बघून झाकण काढत होते गं बये!"

म्हणजे सहा महिने चारशे माणसं रोज दोन कोऱ्या जिभांच्या भरवशावर जेवत होती. मीठबाईला हसू फुटलं, ते आवरेना. धाकटी रडता रडता हसायला लागली. कस्टर्डवालीला वाटलं, मीठ डोक्यात गेलं.

मग वही उघडली गेली. 'मासा. लिंबू जास्त. तेल ताजं.' 'लोणचं. आंबटाला तोड नाही.' साहेबांनी धाकटीला खरंच विचारलं होतं. मीठबाईचे गुडघे दुखतात, पुढच्या महिन्यापासून पातेलं तू सांभाळशील का, ताईंना विचारून कळव. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. हो म्हणायचं तर चाखावं लागणार. म्हणून ही सहल. कुठल्या चवीला काय म्हणायचं, ते मीठबाईच्या तोंडून ऐकून पाठ करायचं.

"म्हणजे माझी जागा घेणार होतीस," मीठबाई म्हणाली.

"घेणार होते," धाकटीने खाली बघून कबूल केलं. "तुम्ही तरी सांगितलं असतं का मला?"

"नसतं सांगितलं."

एवढा खरा हिशोब त्या दोघींत आजवर कधी झाला नव्हता.

कस्टर्डवालीने तोवर नवं दूध चढवलं होतं. मीठबाई बोलता बोलता थांबली. "बाई, आच कमी करा. दूध खाली लागतंय."

"मी ढवळतेय की!"

"मधे ढवळताय. डावीकडचा आवाज ऐका. जाड झालाय."

बाईने डाव तळाशी घातला. त्याला तपकिरी खपली चिकटून आली. धाकटी मीठबाईकडे बघतच राहिली. कान शाबूत होते, हात शाबूत होते. नव्हती ती फक्त जीभ.

सोमवारी कँटीनमध्ये शिरल्यावर मीठबाईने ॲप्रनही घातला नाही. सरळ साहेबांच्या दारात उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. धाकटी मागे उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी म्हणाली, "माझंही तेच आहे, साहेब."

साहेब खूप वेळ पेन फिरवत बसले. घरी बसा म्हणतील, या भीतीने मीठबाईने दाराची चौकट धरली होती. शेवटी ते म्हणाले, "पातेलं तुमच्याकडेच राहू दे. हाताखाली ही. पण चमचा तिसरीच्या हातात." आणि त्यांनी भांडी घासणारीला हाक मारली, कारण ती एकटीच रोज जेवणाला नावं ठेवते हे त्यांना माहीत होतं.

आता रोज भांडीवाली हात पुसत येते, ऐटीत चमचा तोंडात घालते, डोळे मिटते आणि म्हणते, "चिमूटभर आणखी." मीठबाई घालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "चिमूटभर आणखी." मीठबाई घालते, पण डोळे बारीक करून. तिला पक्का संशय आहे की त्या बाईला यातलं काही कळत नाही. धाकटी म्हणते, कळत असेलही. दोघींनी मिळून तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं आहे.