धुतलेले डबे

आपल्या घरातला कचरा पिशवीत भरून रिक्षाने दुसऱ्याच्या घरी नेण्याची वेळ माझ्यावर सदुसष्टाव्या वर्षी आली. त्याआधी चौतीस वर्षं मी एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलं. तिथेही टाकाऊ वस्तूंशी संबंध यायचा, पण त्यांना आम्ही संदर्भग्रंथ म्हणत असू.

झालं असं की माझ्या सुनेची रजा संपत आली होती. नात एकोणीस महिन्यांची. सुनेचं बेलापूरला ऑफिस, तिथल्या साहेबांनी दोनदा रजा वाढवून दिली आणि तिसऱ्यांदा सरळ सांगितलं, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी या, नाहीतर येऊ नका. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात पाळीत काम करतो. माझी पत्नी हयात नाही, आणि माझ्या कमरेने अकरा किलोचं काहीही उचलायला डॉक्टरसमक्ष नकार दिला आहे. तेव्हा नातीला कुठेतरी ठेवणं भाग होतं. ती राहिली नाही तर सुनेची नोकरी जाणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण रात्री भांडी जरा जोरात आपटली जात होती.

आधी आम्ही नवीन पनवेलमधल्या एका नामांकित बालशाळेत गेलो. भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. तिथल्या बाईंनी आम्हाला खेळण्यांची खोली दाखवली नाही, 'एक्सप्लोरेशन झोन' दाखवला. परदेशी लाकडाची सुंदर खेळणी होती. ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर मांडलेली होती. सगळं पाहून झाल्यावर कळलं की दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही.

"तोपर्यंत तुम्ही घरी स्टिम्युलेशन द्या," बाई म्हणाल्या.

"देतो," मी म्हणालो. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "बाबा, तुम्ही काय देणार ते कळलं का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही, पण त्यांनाही कळलं असेल असं वाटलं नाही.

मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जवळच्या विचुंबे गावातल्या, मुलं सांभाळणाऱ्या एका ताईंचं घर सांगितलं. तिची दोन्ही मुलं त्यांच्याकडेच वाढली होती. ताई गावातल्याच, आगरी, पंचावन्नच्या आसपासच्या. तीन मजली घर, वरचे दोन मजले भाड्याने दिलेले, खालच्या दोन खोल्यांत नऊ मुलं. दारावर पाटी नाही. विकत आणलेलं खेळणं म्हणावं तर एक चेंडू होता, आणि तोही गल्लीतून उडून आत आलेला असावा.

बाकी सगळं भंगारातून केलेलं. ते मी पहिल्या दिवशी दारात उभं राहून पाहिलं आणि तासभर हललो नाही. जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून केलेले ठोकळे होते. ते एकमेकांवर नीट राहत नसत, आणि म्हणूनच मुलं ते पुन्हा पुन्हा रचत. पुठ्ठ्याच्या नळ्या भिंतीला तिरप्या चिकटवलेल्या, त्यांतून लिंबू सोडलं की खालच्या पातेल्यात पडून टण्ण वाजायचं. प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला फट पाडलेली, त्यातून मोठी झाकणं आत टाकायची. एक पोरगं हे काम पोस्टमास्तरच्या गांभीर्याने करत होतं.

ताईंच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक लहान मुलीची धातूची बांगडी अडकवलेली असे. कुठलीही वस्तू मुलांच्या हातात देण्याआधी त्या ती बांगडीतून घालून बघत. आरपार गेली की ती वस्तू बाद. "बांगडीतून गेला तो घशातून जातो," त्या म्हणाल्या. एवढ्या थोड्या शब्दांत एवढी पक्की नियमावली मी सरकारी कागदावर कधी वाचली नाही.

नात मात्र काही बघायला तयार नव्हती. पहिले तीन दिवस ती फाटकाच्या गजांना धरून रडली. तिचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत पोचत असे; हे मला ठाऊक, कारण मी तिथे उभा असे. सोमवारला दहा दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "आजोबा, उद्या तुमचे घरातला भंगार आना."

"भंगार?"

"तुमचे घरान रोज जे वाजतं, रोज दिसतं, ते. रिकामी चहाची बरनी, दुधाच्या पावडरीचा डबा, पोरीच्या आईची जुनी ओढनी. नवीन काय नको. बाकीच्या पोरांनी पन आपापला आनलाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या खोलीतलं प्रत्येक खेळणं कुठल्या ना कुठल्या घरातून आलं होतं. ताईंची ही रीतच होती. नवं मूल आलं की त्याच्या घरच्या वस्तू मागवायच्या आणि त्यातून त्याचं पहिलं खेळणं करायचं.

आता आमच्यासारख्या माणसांची एक अडचण असते. दुसऱ्याच्या घरी रिकामा डबासुद्धा परत करताना आम्ही त्यात साखर घालतो. तिथे भंगार कसं पाठवायचं? मी सगळी संध्याकाळ कामाला लागलो. डबे गरम पाण्यात भिजवले, कागदी पट्ट्या नखाने खरवडून काढल्या, जंतुनाशकात बुडवले आणि गॅलरीत वाऱ्यावर सुकायला लावले. उरलेल्या ओशट डागांवर सोडा घातला. सुनेची ओढणी मशीनमधून सुगंधी पाण्यात काढली आणि इस्त्री केली. शिवाय काही मोठ्या झाकणांवर सुवाच्य अक्षरात अ, आ, इ लिहून चिकटवलं. ग्रंथपालाला कुठल्याही वस्तूवर चिठ्ठी लावल्याशिवाय झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्यासमोरच त्यातून खेळणी केली. काम करणारे हात पाहणं हा माझा जुना शौक आहे, आणि हे हात पाहण्यासारखे होते. पत्र्याच्या डब्याची धार त्यांनी पक्कडीने आत वळवली, त्यावर बोट फिरवलं, मग गाल फिरवला. चहाच्या बरणीत मूठभर हरभरे घालून झाकण चिकटवलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि स्वतःच्या दातांनी ओढून बघितलं. माझी अआइ त्यांनी वाचली, हसल्या, आणि पट्ट्या सोलून काढल्या. "कागद खातात," एवढंच म्हणाल्या. हा माझ्या लेखनावरचा पहिला प्रामाणिक अभिप्राय.

नातीने डबा हातात घेतला, वास घेतला, आणि टाकून दिला. ओढणी तोंडाशी नेली, तिचं तोंड कसनुसं झालं, आणि ती फाटकाकडे चालू लागली.

ताईंनी डबा उचलून नाकाशी धरला. "आजोबा, हे दवाखान्यातून आनला काय?"

"धुऊन आणलं ना. स्वच्छ."

"धुतला? कशाला धुतला?" त्या कपाळावर हात मारून खाली बसल्या. "पोरीचा घर मागितला होता मी. ते धुवून टाकलात तुमी!"

मागे एक आजी नातवाला घ्यायला आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "शिकलेली मानसं," त्या ताईंना म्हणाल्या, "धुतल्याबिगर काय देत नाय."

"अहो, पण घाणेरडं कसं आणायचं?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"घान नाय ओ. वापरलेला. फडक्याने पुसून आना, बास," ताई म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, त्यांची आई भात लावायला जायची तेव्हा त्यांना बांधावर बसवून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा हातात द्यायची. लुगडं हातात असेपर्यंत त्या रडत नसत. ते शेत आता सात मजली इमारत झालं आहे. "तिथे स्विमिंग पूल हाय," त्या म्हणाल्या. त्यात अभिमान होता की तक्रार, ते मला ठरवता आलं नाही.

या बाईंनी बालमानसशास्त्राचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मी बरीच हाताळली आहेत, म्हणजे निदान त्यांना क्रमांक दिले आहेत. त्यांपैकी एकातही मला हे आढळलं नव्हतं, की परक्या जागी मुलाला रमवायचं तर आधी त्याच्या घराचा वास तिथे पोचला पाहिजे. असेलही कुठे. पण असेल तर ते इतक्या जड भाषेत असणार, की माझ्यासारख्याने ते वाचून डबे धुतलेच असते.

घरी आल्यावर सुनेला सांगितलं. अपराधी मीच होतो. कपाटातून तिने दुसरी ओढणी काढली, फिकट पिवळी, मऊ पडलेली. नातीला पाजताना ती खांद्यावर असायची, हे मला आठवलं. दोन दिवस तिने ती घरात अंगावर वागवली, स्वयंपाकातसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात देताना विचारलं, "बाबा, कापणार का हो ती?"

"कापणार. लांब कापड गळ्याभोवती जातं म्हणतात."

"मग कापू द्या," ती म्हणाली आणि लगेच आत गेली.

ताईंनी ओढणीचे हातरुमालाएवढे तुकडे केले. दुधाच्या पावडरीच्या दुसऱ्या, न धुतलेल्या डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला चांदणीसारखा छेद दिला आणि तुकडे आत कोंबून एकाचं टोक बाहेर ठेवलं. चहाची दुसरी बरणी या वेळी आमच्या ओट्यावरून जशीच्या तशी आली होती, चहाच्या भुकटीसकट. ताईंनी ती फक्त कोरड्या फडक्याने पुसली.

नात फाटकाशीच होती. ताईंनी डबा तिच्यापासून दोन हातांवर ठेवला आणि पाठ फिरवून भाजी निवडायला बसल्या. तिला बोलावलं नाही, कौतुक केलं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग नात आली, टोक ओढलं, तुकडा बाहेर आला तो तोंडावर धरून उभी राहिली. मग दुसरा. मग तिसरा. सगळे संपल्यावर तिने ते एकेक करून आत कोंबायला सुरुवात केली, आणि जमेना म्हणून रागावली. हे रडणं वेगळं होतं. यात फाटक नव्हतं.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास रडली, त्याच्या पुढच्या दिवशी जेवली नाही. ताईंना घाई नव्हती, ती आम्हाला होती. पण शुक्रवारी मी न्यायला गेलो तेव्हा ती डबा सोडायला तयार नव्हती, आणि शनिवारी दुसऱ्या एका मुलाच्या पायमोज्याच्या ठोकळ्यावर तिने हक्क सांगितला. ताईंच्या मते ही फार चांगली खूण होती. त्या मुलाचं मत वेगळं होतं.

सोमवारी सुनेने नातीला स्वतः सोडलं. नात आत गेली, मागे वळली नाही. सून फाटकाशी थांबून राहिली.

"जा गं बाय आता," ताई आतून म्हणाल्या, "नायतर तूच रडशील."

सून बसने गेली. अकराला तिचा फोन आला. ताई उचलत नाहीत म्हणाली, बाबा जरा जाऊन बघता का. मी तोवर घरी गेलोच नव्हतो, समोरच्या दुकानाच्या ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, पण हे तिला सांगितलं नाही. खिडकीतून डोकावलो. नात ओढणीचे तुकडे पसरून त्यांच्यावर पालथी झोपली होती. एक तुकडा मुठीत.

"झोपली आहे," मी फोनवर म्हणालो.

"रडली का?"

सकाळपासून मी तिथेच होतो. आतून तिच्या रडण्याचा एकही आवाज आला नव्हता.

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

पलीकडे कुणीतरी कागद छापत होतं, त्या यंत्राचा आवाज येत राहिला. मग सून अगदी हळू म्हणाली, "थोडी तरी?"

"हो," मी म्हणालो. "तू गेल्यावर थोडी रडली."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मोकळा झाला. "मग मी कामाला लागते."