गेरूत उमटलेली हवा

नव्वदच्या दशकात आटगावला हमरस्त्याकडेला माझी फॅब्रिकेशनची शेड होती. पत्रे जुने, मशीन जुनं, मालक तेवढा नवा.

शहापूरच्या एका हार्डवेअरवाल्या शेठकडून मी गॅस कटिंगची नवी टिप आणली. टिप म्हणजे टॉर्चच्या टोकाचा पितळी तुकडा. तिच्या मधल्या बारीक भोकातून ऑक्सिजन सुसाट सुटतो आणि तापलेलं लोखंड कापत जातो. ही टिप मात्र कड तिरकी कापायची. परत द्यायला गेलो, तर शेठ भर दुकानात म्हणाला, "टिप सरळ आहे रे, तुझा हात वाकडा आहे."

गिऱ्हाइकं हसली. त्यातले दोघे माझ्याच गावचे, शेणव्याचे. टिपेचे पैसे पाण्यात गेले असते तरी चाललं असतं, पण वाकड्या हाताच्या माणसाला गेटचं काम कोण देणार? मी खूप ओरडलो. भांडणात मी सहसा हरत नाही. त्या दिवशी हरलो, कारण टिपेतून तिरकी सुटणारी हवा दाखवता येत नव्हती.

घरी चुलीपुढे धुमसत बसलो. बायकोने फुंकणी तिरकी धरून फुंकर मारली आणि सगळी राख माझ्या अंगावर आली.

"आता राखेवर पण चिडताय काय?"

"नाय गो. फुंकणी उभी धर आन् परत फुंक."

या वेळी राख चारी बाजूंना सारखी हटली, मधे गोल उघडा पडला. मी जेवण तसंच ठेवून उठलो.

सकाळी तिचा रांगोळीखालचा गेरू पळवला, पातळ कालवून पत्र्यावर फासला. माझी जुनी टिप पत्र्यावर उभी रोखून पकडीत आवळली, आणि ऑक्सिजनऐवजी तिला कंप्रेसरची हवा जोडली. हवा किंचाळत पत्र्यावर आदळली. गेरूत मधे स्वच्छ गोल आणि भोवती बारीक रेघा उमटल्या, जणू झेंडूच. नव्या टिपेने दुसऱ्या पत्र्यावर काढला कोंबड्याचा तुरा, सगळा एका अंगाला!

दोन्ही पत्रे वाळवून दुकानात नेले. शेठने चष्मा लावला. "हे काय, पोरांची चित्रं आणलीस?"

"तुमच्या टिपेचा फोटो आहे."

"तिरकी धरली असशील."

"मी धरलीच नाही, पकडीत आवळली होती. पकडीचाही हात वाकडा का?"

शेठ हट्टाला पेटला. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर माझ्यासमोर करून दाखव म्हणाला. तिथे पुन्हा गेरू फासला, नवी टिप पकडीत उभी आवळली. एका बाजूला शेठ वाकून बघत होता, समोरून मी. हवा सोडली. माझ्या सदऱ्यावर एक थेंब नाही. शेठचा पांढराशुभ्र शर्ट तांबडालाल!

बघे पोट धरून हसले. शेवटी शेठही हसला. म्हणाला, "घे बाबा, टिप बदलून घे."

"टिप राहू दे शेठ. आधी शब्द बदला."

तो काहीतरी पुटपुटला, पण कंप्रेसरच्या धडधडीत कुणाला ऐकू येणार? मी कंप्रेसर बंद करायला लावला. म्हटलं, "आता बोला."

"याचा हात सरळ आहे हो!" शेठ ओरडला. "डोकं तेवढं वाकडं!"

डोक्याबद्दल मी हरकत घेतली नाही. गेट हाताने बनतात.

शेणव्याचे ते दोघे मात्र तेव्हा तिथे नव्हते. म्हणून हे लिहून ठेवतोय.