कुलूप लावलेली लाइन

जन्मभर रुळांचे सांधे बदलणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर काय मिळावं? रंगनाथ सोनवण्यांना कॉम्प्युटर मिळाला. भुसावळहून बदलून आलेला हा रेल्वेचा केबिनमन जयपूरला दुर्गापुऱ्यातच राहिला, आणि २००३ साली लेकीच्या, रुचिताच्या हट्टापायी ते यंत्र घरात आलं.

डिस्क एकच, पण तिचे भाग दोन. एकात जुनं विंडोज, दुसऱ्यात नवं. यंत्र सुरू झालं की सगळ्यांआधी बूट मॅनेजर नावाचा एक छोटा प्रोग्राम उठायचा आणि विचारायचा, कुठल्या भागात जायचं? सूत्रधारासारखा तो पुढे यायचा, नाव पुकारायचा आणि बाजूला व्हायचा. रंगनाथरावांना वाटलं, हा तर आपल्याच खात्यातला.

एक भाग चालू असताना दुसरा लपवण्याचीही त्यात सोय होती. ती त्यांनी आनंदाने वापरली. केबिनची सवयच तशी! एका लाइनीवर गाडी घेतली की दुसरीच्या सांध्याला क्लॅम्प आणि कुलूप. शिवाय यार्डाचा काढावा तसा डिस्कचा नकाशा वहीत काढला: कुठला भाग कुठून कुठपर्यंत.

मार्चात जुनं विंडोज बिघडलं. रंगनाथरावांनी ते स्वतःच पुन्हा घातलं. यंत्र सुरू झालं ते थेट जुन्यात. विचारणारा नाहीसा, नवा भागही नाहीसा. आणि त्या नव्या भागात रुचिताचा भुईमुगाच्या वाणांवरचा प्रबंध, दोन हंगामांची मोजमापं. सोमवारी सादर करायचा होता.

"बाबा, मतलब सगळं गेलं?"

चारदीवारीतला, म्हणजे जुन्या शहरातला, मेकॅनिक पवन आला. स्क्रीनवर एक अनोळखी हिस्सा दिसत होता. तो निकामी आहे, पुसून सगळी डिस्क एक करू, असं म्हणत त्याने बोट बटणाकडे नेलं.

"थांब पवन," रंगनाथराव म्हणाले, "निकामी लाइनीची लांबी माझ्या वहीशी कशी काय जुळते?"

वही उघडली. आकडे तंतोतंत. रंगनाथराव खुर्चीत बसले आणि रुचिताकडे बघून हळूच हसले.

"रूळ उखडलेले नाहीत, बेटा. कुलूप मीच लावलं, आणि किल्लीवाल्याला मीच हाकललं."

पवनने दुजोरा दिला. डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर बूट मॅनेजर बसलेला असतो. जुनं विंडोज घालताना त्याच जागेवर दुसरंच लिहिलं गेलं, म्हणून लपवलेला भाग उघडणारं कोणी उरलं नाही. मग कपाटातून बूट मॅनेजरची फ्लॉपी निघाली, तो परत बसला. पडद्यावर दोन नावं उमटली. रुचिताने खालचं निवडलं. प्रबंध जसाच्या तसा होता. तिने आधी त्याची सीडी काढली, मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, आता कुलूप नको."

"कुलूप राहील," ते म्हणाले. "विसरलो ते कडं."

केबिनमध्ये बंद लाइनीच्या लिव्हरवर आठवणीसाठी लोखंडी कडं अडकवत. ते न अडकवता कुलूप लावणं हा तिथे गुन्हा होता. रंगनाथरावांनी लाल पुठ्ठ्याचं कडं कापलं आणि यंत्राच्या बटणाभोवती चिकटवलं.

पवन मात्र वहीतला नकाशा अजून न्याहाळत होता. चहा निवला तरी त्याचे प्रश्न संपेनात.