मे महिन्यात रंगवलेला डोंगर

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मे महिन्यातल्या एका दुपारी नकाशांची गुंडाळी घेऊन मी पनवेलहून शिरढोणच्या बाजूला निघालो...

तेव्हा मी प्रादेशिक आराखड्याच्या कामावर ड्राफ्ट्समन होतो. कुठली जमीन घरांना, कुठली खाणींना, कुठली हिरवी ठेवायची हे साहेब ठरवायचे आणि रंग मी भरायचो. पाहणी कायम मे महिन्यात, कारण पावसात जीप चिखलात रुतायची.

डोंगराचा उतार पार उजाड होता. मी बिनधास्त 'पडीक' लिहिलं, म्हणजे तो दगडखाणीला जाणार. तिथल्या कातकरी वाडीत सोमीबाई नावाची म्हातारी एकटीच होती. तिने पाणी दिलं आणि काय लिहिलं ते विचारलं.

मी सांगितलं. ती चिडली नाही. "सायेब, आता काय दिसनार? गनपतीत या," एवढंच म्हणाली.

गणपतीच्या सुट्टीत खरंच गेलो. कंबरभर गवत, करटोलीचे वेल, आणि उतारावरून खळाळत खालच्या गावाच्या भातखाचरांत जाणारा ओढा... मला लाज वाटली. ऑफिसात येऊन दोन पानी टिपणी लिहिली, आणि साहेबांनी चक्क मान्य केली.

खाण दुसरीकडे गेली. तो उतार मी स्वतः हिरवा रंगवला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

दोन-तीन वर्षांनी सोमीबाई पनवेलच्या ऑफिसात आली. मुलाचं लग्न झालं होतं, शेजारी एक खोपटं बांधायचं होतं. हिरव्या पट्ट्यात बांधता येत नाही, नकाशात तुमची वस्तीच नाही, असं गावात तिला सांगितलं होतं.

"डोंगर ठेवलात, चांगलं झालं. आमाला कुठं ठेवलंय, तेवढं दाखवा," ती म्हणाली.

नकाशा उघडला. वाडी नव्हतीच...

मे महिन्यात सगळे कातकरी वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. एकट्या सोमीबाईची सोडून बाकी सगळ्या झोपड्या बंद बघून मीच 'वस्ती नाही' असा शेरा मारला होता. गणपतीत त्याच वाडीतून गेलो, अंगणात माणसं होती, तरी मला फक्त ओढा दिसला.

वाडीची नोंद व्हावी म्हणून पुन्हा टिपणी लिहिली, दोनदा स्मरणपत्रं दिली. मी रिटायर होईपर्यंत त्यावर उत्तर आलं नाही.

तो डोंगर अजून हिरवा आहे. तो वाचला सोमीबाईमुळे, आणि तिचंच घर त्यात बेकायदा ठरलं, माझ्या शेऱ्यामुळे.