काळ्या रंगाचा दुसरा हात

माझ्या नवऱ्याने ती जुनी स्पोर्ट्‌स कार नागपूरहून आणली तेव्हा ती लाल होती, म्हणजे जिथे रंग शिल्लक होता तिथे लाल. दोनच दारं, आणि इतकी बुटकी की आमच्या शेताच्या वाटेवर दगडांना पोट घासत आली. त्याचं दारव्ह्याच्या रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. इतकी वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर आणि जीपा रंगवल्या. ही गाडी त्याची स्वतःची. तिला काळाच रंग द्यायचा, पण बिनचमकीचा, मॅट. "तव्यासारखी दिसली पाह्यजे," तो म्हणायचा.

मला मात्र त्याच्या खोकल्याची धास्ती होती. दिवाळीपासून दुकान बंद करून आला की ओसरीत बसून खोकायचा. विचारलं तर म्हणे, "धूळ हाय."

कापूस विकून झाला आणि शेतातलं टिनाचं गोदाम रिकामं पडलं. दुकानासमोर दिवसभर ट्रकांची धूळ, म्हणून गाडी गोदामात रंगवायची ठरली. भिंतींना चिकटलेले कापसाचे पुंजके मी झाडून काढले. त्याने खिडकी, फटी, सगळीकडे प्लास्टिक लावून टेप मारला.

"एवढं कायले बंद करता? जीव गुदमरन तुमचा."

"चमकत्या रंगावर कचरा बसला त घासून काढता येते. याले घासलं की तेवढीच जागा चमकते, साराच सत्यानास. मी आवाज देईन तवाच दार उघडजो. वारा सुटला हाय."

फिल्टरचा मास्क मागवायचा राहूनच गेला होता. त्याने कोरोनातला कापडी मास्क बांधला आणि आत गेला.

बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता, आतून रंग फवारायच्या गनचा फुसफुसाट येत होता. रंगाचा पहिला हात झाला. "जमलं!" तो आतून ओरडला. थोडा वेळ सुकू दिला आणि दुसरा हात सुरू झाला. मग फुसफुसाट थांबला. टाकी भरली तसा कॉम्प्रेसरही आपोआप बंद पडला. आता फक्त शेतातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची खडखड.

"अवो, झालं का?"

खिडकीच्या प्लास्टिकवर आतून काळा थर बसला होता. बल्ब पिवळ्या ठिपक्याएवढा दिसत होता. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मला वाटलं, पाइपातून हवा गळते आहे. कान लावला. आवाज थांबायचा, पुन्हा यायचा. तो त्याचा श्वास होता.

दार ओढलं, टेप निघेना. विळ्याने प्लास्टिक फाडून आत शिरले. डोळ्यांत आग झाली. तो मागच्या चाकाला टेकून बसला होता, गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वरखाली होत होते, ओठ निळे पडले होते. बोलता येत नव्हतं. हाताने तो मला दार लावायची खूण करत होता.

मी त्याला बगलेत धरून ओढत बाहेर आणलं आणि तांड्यावरच्या जीपवाल्या काकांना फोन लावला. ते तसेच जीप घेऊन आले. "त्याले झोपवू नको बाई, बसतंच धर," म्हणाले. वाटेत त्याचा खोकला थांबला आणि मला जास्तच भीती वाटली. मी पाठीवर हात ठेवून एकेक श्वास चाचपत होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "रंगात काय मिसळता?"

"हार्डनर, रंग टणक व्हाले," मी सांगितलं.

"त्याचाच त्रास आहे. दमा झालाय. पुन्हा असा रंग मारला तर इथपर्यंत पोचाल याची खात्री नाही."

त्याने तोंडावरचा मास्क सरकवला. मला वाटलं, पाणी मागतो आहे.

"दार लावलं का?" तो म्हणाला.

"लावलं," मी खोटंच सांगितलं. आणि तिथेच रडू फुटलं.

घरी आल्यावर त्याने गोदामात जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूला धुळीची खरखर बसली होती, कापसाचे तंतू रंगात अडकले होते. तो बोट फिरवत राहिला. आता हा म्हणेल, पुन्हा मारतो. मी श्वास रोखून उभी. तो म्हणाला, "राहू दे." गन त्याने आर्णीच्या एका पेंटरला देऊन टाकली. आता तो फक्त पत्र्याचं काम करतो.

तरी एका सकाळी तो अंथरुणात दिसला नाही, तेव्हा मी अनवाणी गोदामाकडे धावले. गाडीची दोन्ही दारं उघडी टाकून तो आत बसला होता.

"काहून पळून राह्यली? नुसता बसलो होतो."

मला धाप लागली होती.

"भेली का?"

"भेली नाई त काय! अजून भेव वाटते मले."

तो शेजारची सीट झटकून म्हणाला, "चाल, दारव्ह्यापावतर जाऊन येऊ."

मी आधी त्याच्या खिशावर हात ठेवून दम्याचा पंप आहे का ते चाचपलं, मग आत बसून दार ओढून घेतलं.