मिठानं पुसलेला अंगठा

माझ्या आईच्या अंगठ्याला रेषा होत्या, पण फक्त पावसाळ्यात. दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली की खारं पाणी बोटांची कातडी हळूहळू खाऊन टाकायचं आणि वैशाखापर्यंत अंगठा पार गुळगुळीत व्हायचा. आमच्या गावात मिठात उतरणाऱ्या सगळ्याच बायकांचं असं व्हायचं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्याची किंमत आम्हाला कळली ती पनवेलच्या एका बँकेत.

वडील लवकर गेले. आई दर हंगामाच्या मजुरीतून थोडे पैसे बाजूला टाकायची, आणि ते घरात राहिले तर भाऊबंद मागायला येतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून एका वर्षी गणपती झाल्यावर ती ठेवणीतलं लुगडं नेसून पनवेलला गेली आणि स्वतःच्या नावाचं खातं उघडून आली. भाद्रपदातला अंगठा, तो झकास उठला. ते पैसे कशासाठी हे तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मला मास्तरीण करायचं होतं.

मी सातवी फायनल झाले आणि जिल्ह्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझा नंबर लागला. जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. मेच्या मध्यावर आम्ही दोघी बँकेत गेलो. आमच्या पुढे पेठेतले एक कापडवाले शेठ होते. त्यांची सही जुळेना, तर खिडकीतला कारकून हसला, आज हात हलला वाटतं म्हणाला, दुसरा कागद पुढे केला आणि शिपायाला चहा आणायला धाडलं. शेठ चहा घेऊन गेले, मग आईची पाळी आली. तिनं अंगठा टेकवला, कागदावर नुसता काळा डाग उठला. दुसऱ्यांदाही डाग, तिसऱ्यांदाही डागच.

कारकुनानं आईकडे बघितलंसुद्धा नाही. तो मला म्हणाला, "खातेदार ही बाई नाही. दुसरीचं पुस्तक घेऊन आलात. तुम्हा मिठागरवाल्यांचं हे नेहमीचंच."

आईनं त्याला शांतपणे सांगितलं की मिठानं अंगठे जातात, हवं तर माझ्याबरोबर मिठात उतरणाऱ्या दोघी ओळख द्यायला येतील. तो म्हणाला, त्यांचे तरी अंगठे कुठे उठतात, पत असलेला माणूस आणा, तुमच्या मिठागराचे शेठ आले तरी चालतील. आणि तोवर बाहेर पायरीवर बसा, इथे लोकांना उभं राहायला जागा लागते. आत तेव्हा आम्ही दोघी सोडून कुणीही नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी आईशी भांडले. मिठागराच्या शेठला बोलावलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. तो आलाही असता, वाईट माणूस नव्हता. पण आई ऐकेना. मी कोण हे शेठ सांगणार काय, एवढंच तिनं मला विचारलं आणि चालत राहिली. मला ती तेव्हा निव्वळ हट्टी वाटली. हिच्या तोऱ्यापायी माझं शिक्षण जातंय असंही मी म्हणाले. ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

कारकुनानं भाद्रपदातला ठसा तिच्यासमोर धरला होता, आणि आपल्याच अंगठ्याच्या रेषा तिनं नीट बघून घेतल्या होत्या. त्या परत आणायच्या, असं तिनं वाटेतच ठरवलं. घरी आल्यावर ती मिठागरावरच्या आपल्या टोळीतल्या बायकांशी बोलली. आमच्याकडे शेतात लावणीला सावड करतात, आज मी तुझ्यात राबते, उद्या तू माझ्यात ये. तशीच सावड त्यांनी मिठात केली. हंगामाचे शेवटचे दिवस, मीठ भराभर उचलायची घाई, त्यात प्रत्येकीनं आपल्या टोपल्या वाहून वर आईच्या वाट्याच्याही वाहिल्या. त्यांतल्या एकीचीही बँकेत दमडी नव्हती.

आणि आई घरी बसली. जन्मात न बसलेली बाई. दोन्ही हातांना खोबरेल तेल चोपडून वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, पाण्यात हात घालायचा नाही, चुलीजवळ जायचं नाही. जेवण मी भरवायची. ती लाजायची आणि लाज झाकायला माझ्या कालवणाला नावं ठेवायची. संध्याकाळी टोळीतल्या बायका येऊन तिची थट्टा करायच्या. हलद लागली काय गं तुला, नवरा कुठला बघितलास, असं चालायचं. तीही नवरीसारखी मान खाली घालून दाखवायची. पण सगळ्या गेल्यावर उजेडाशी जाऊन अंगठा निरखायची. आठव्या दिवशी बारीकशी एक रेष दिसली, आणि तिनं मला हाक मारून ती दाखवली.

तेराव्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. तो शनिवार होता, फीचा सोमवार तोंडावर आलेला; पैसे मिळाले की तिथूनच मला कॉलेजच्या गावची गाडी गाठायची होती. खिडकीत तोच कारकून. आईनं चिंधी सोडली, अंगठा शाईवर फिरवला आणि कागदावर टेकवला. त्यानं भिंग लावलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. शेवटी तो म्हणाला, जुळतो, मागच्या वेळी नीट लावला असता तर हेलपाटा पडला नसता.

आईनं पैसे घेतले, कनवटीला लावले. मला वाटलं आता निघेल. ती खिडकीतच उभी राहिली.

"सायेब, बारा दिस मी मिठात उतरले नाय, तवा तुमी मला वलखलंत," ती म्हणाली. "मिठात व्हते तवा मी कोन व्हते?"

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ती त्याची वाट बघत थांबली. कारकुनाचं भिंग हातातच राहिलं. पहिल्यांदाच त्यानं मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो उठला, टेबलाशेजारची शेठलोकांची खुर्ची स्वतः सरकवून पुढे आणली आणि पुटपुटला, "बसा ना, बाई."

"नको," आई म्हणाली. "पोरीची गाडी हाय."